झाग्रिचेकची वाट

ब्लोकेच्या पठारावर दोन फेब्रुवारीला शर्यत असते. चर्चच्या दारातून निघायचं आणि स्कीवरून माथ्यावरची घंटा गाठायची. वाट ज्यानं त्यानं निवडायची. जो पहिला घंटा वाजवेल तो ज्या बाजूनं गेला असेल, त्या बाजूनं उरलेल्या हिवाळ्याचा रस्ता. बर्फ दाबणारं यंत्र त्याच्याच खुणांवरून फिरतं. टपाल, डॉक्टर, पाव, सगळं मागोमाग येतं.

गेली चार वर्षं तो रस्ता लोइझ मोदिचच्या खानावळीपुढून जात होता, कारण चारही वर्षं लोइझचा मुलगा गाश्पेर जिंकला होता. झाग्रिचेक वाडीच्या तीन घरांपर्यंत मात्र बर्फजोडे बांधून कोणी आलंच तर आलं. गेल्या अख्ख्या हिवाळ्यात दोन माणसं आली, त्यातला एक वाट चुकलेला. यंदा त्यातल्याच एका घरातल्या येरित्साच्या ब्याऐंशी वर्षांच्या आईनं सांगून टाकलं होतं, "या वेळी रस्ता आला नाही तर मी खाली तुझ्या बहिणीकडे चालले. आणि एकदा उतरले की पुन्हा चढायची नाही, सांगून ठेवते."

आई बोलली की बोलली. म्हणून एक्कावन्नाव्या वर्षी येरित्सानं आजोबांच्या बीच झाडाच्या लाकडी स्की माळ्यावरून काढल्या. आखूड, पसरट, तळाला डांबर, आणि सोबत दोन नव्हे, एकच लांब काठी.

शर्यतीआधी स्की चर्चमध्ये नेऊन पाद्रीबाबांकडून आशीर्वाद घ्यायचा, ही पद्धत. दारात सेवेकरी द्रागोनं तिला अडवलं.

"येरित्साबाई, आत अठ्ठावीस जोड उभे आहेत. तुमच्या या फळ्या कुठे मावायच्या? बाहेर भिंतीला लावा."

"आशीर्वाद भिंतीतून पोचतो का रे?"

"फळ्यांना कशाला लागतो आशीर्वाद? चुलीला लागतो!" मागून लोइझ म्हणाला. सगळे हसले. येरित्सानं कोण कोण हसलं ते मनात नीट लावून ठेवलं. तशी तिला सवयच होती.

फळ्या बाहेर भिंतीला टेकवून आत पाऊल टाकलं आणि ती थबकली. चर्चमध्ये ऊब होती! दोन वर्षं वर्गणी काढून शरद ऋतूत नवी तापनयंत्रणा बसवली होती, आणि आज पाहुण्यांसमोर मिरवायला द्रागोनं ती पूर्ण सोडली होती. बायकांनी कोट उतरवले होते. वेदीपुढे उभ्या केलेल्या स्कींना हात लावावा तर चुलीजवळच्या मांजरासारख्या उबदार.

स्की बाहेर थंड केल्याशिवाय बर्फावर घालायची नाही, हे ब्लोकेत शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण शेकडो वर्षं हे चर्च बाहेरच्या इतकंच गार होतं, त्यामुळे इथे स्की तापेल हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही.

ती गाश्पेरच्या कानाशी वाकली. "पोरा, निघण्याआधी अर्धा तास बाहेर ठेव त्या. तापल्यात."

"मावशी, तळाचं मेण मी थर्मामीटर बघून लावलंय," तो हसून म्हणाला. "तुम्ही तुमचं डांबर सांभाळा."

आता सांगायचं ते सांगून झालं होतं. येरित्सा बसली आणि प्रवचन किती लांबतं ते बघत राहिली. सत्तेचाळीस मिनिटं. स्की गार करायला कोणाला वेळच उरला नाही. पाद्रीबाबांबद्दल तिला आयुष्यात पहिल्यांदा माया वाटली.

दहा वाजता बंदूक उडाली. बाहेर उणे नऊ, वर रात्रभर पडलेला भुसभुशीत बर्फ. अठ्ठावीस जण बाणासारखे सुटले आणि शंभर पावलांत एकेक करून थांबले. तापल्या तळाखाली बर्फ वितळला, तिथेच गोठला, त्याला आणखी चिकटला. एकेकाच्या पायाखाली वीतभर गोळे! उंच टाचांचे जोडे घातल्यासारखी गावातली धट्टीकट्टी माणसं डगमगत उभी होती.

"खरवडा रे, खरवडा!" लोइझ कुंपणावरून ओरडत होता.

येरित्सा त्यांच्यामधून सरसर निघाली. द्रागोशेजारून जाताना म्हणाली, "भिंतीनं पोचवला हो आशीर्वाद!"

पण पुढची चढण तिची तिलाच चढायची होती. ओढ्यापाशी ती उजवीकडे वळली, झाग्रिचेकच्या रानात. इथे बर्फ मांडीपर्यंत. लांब अरुंद स्की रुतली असती, तिच्या पसरट फळ्या वर तरंगत राहिल्या. एक पाऊल, काठीचा रेटा, एक पाऊल. वाडीशी पोचली तेव्हा आई खिडकीत भांड्याचं झाकण बडवत उभी होती. "थांबू नकोस! श्वास वर जाऊन घे!"

शेवटच्या उघड्या चढावर तिनं डावीकडे पाहिलं. गाश्पेर. स्की थंड झाल्या होत्या, गोळे खरवडले होते, आणि पोरगा आता खरोखर उडत येत होता. दोनशे पावलं, शंभर, पन्नास. येरित्साच्या छातीत भाता चालला होता. गाश्पेरच्या काठ्यांचा आवाज कानाशी आला तेव्हा तिनं स्वतःची काठी फेकून दिली आणि ती दोन्ही हातांनी घंटेच्या दोराला लोंबकळली.

घंटा खाली खानावळीपर्यंत ऐकू गेली.

गाश्पेर तिच्या पायाशी बर्फात आडवा झाला. दोघंही धापा टाकत होती.

"मावशी," तो म्हणाला, "तुम्ही सांगितलं होतंत."

"सांगितलं होतं."

"बाबांना नका सांगू."

"बघते," येरित्सा म्हणाली. "तेही हसले होते."

दुपारी यंत्र तिच्या खुणांवरून वर चढलं आणि रिवाजाप्रमाणे सगळा गाव नव्या वाटेनं मागोमाग निघाला. सगळ्यांत पुढे पाद्रीबाबा बर्फजोड्यांवर, सगळ्यांत शेवटी तोंड पाडून लोइझ. येरित्साची आई शाल गुंडाळून दारात बसली होती आणि प्रत्येकाकडे बोट करून मोजत होती. लोइझ समोर आला तेव्हा तिनं बोट त्याच्यावरच थांबवलं.

"त्रेसष्ट," ती म्हणाली. "ये, बस. आणि येरित्सा, त्या बहिणीला कळव, तिची खोली दुसऱ्या कोणाला दे म्हणावं."