बोलकं टाकं

रायगडाच्या पायवाटेवर एका वळणाशी माणसं नेहमी दम खायला टेकतात. त्या सकाळी मात्र कुणी टेकलं नव्हतं. सगळे एका कोरड्या टाक्याभोवती हात जोडून उभे होते. कातळात खोदलेलं जुनं टाकं, तोंड जेमतेम सुपाएवढं, आणि आतून म्हणे मेलेली माणसं बोलत होती!

काठावर भगवी शाल पांघरून नादबाबा बसला होता. "मोबाइलची रेंज इथं मिळेल न मिळेल, वैकुंठाची रेंज फुल्ल आहे! पितरांना विचारा, बिनधास्त विचारा!" त्याची शिष्या उज्वला रांगेतल्या प्रत्येकाची गोड बोलून चौकशी करी, घरातलं कोण गेलं, काय दुखणं आहे, आणि मग 'प्रसाद आणते' म्हणून करवंदीच्या जाळीमागे जाई.

पोलादपूरच्या शाळेत विज्ञान शिकवणारी अनुपमा सासऱ्यांना आणि लेकीला राजधानी दाखवायला उमरठहून घेऊन आली होती. नवरा भरत मुंबईला कामावर. चौथीतल्या श्रुतिकाला पूर्वी फिट्स यायच्या. डॉक्टरांच्या गोळ्या सुरू झाल्यापासून एकही आली नव्हती. सासरे सयाजी मात्र बायको बनू गेल्यापासून घुम्यासारखे झाले होते. उज्वलाशी तेवढे ते मोकळेपणानं बोलले.

त्यांची पाळी आली आणि टाकं घुमलं, "मी बनू आलेय!"

म्हातारा काठाशी वाकला. "बरी हायस ना गो?" ते पुटपुटले.

"विचारतायत, बरी आहेस ना?" बाबानं खणखणीत आवाजात सांगितलं.

"सुखात आहे! पण नात सुखात नाही. ऐक गं सूनबाई, त्या गोळ्या पोरीचं रक्त जाळतात. टाक इथंच, आणि बाबांचा गंडा बांध!"

सयाजींनी पिशवीतलं गोळ्यांचं पाकीट काढलं.

"आबा, थांबा! एकाएकी गोळी बंद केली तर पोर हातची जाईल."

"तिची आजी सांगते हाय. तू मधी बोलू नको."

इतकी वर्षं त्यांनी सुनेला कधी असं तोडलं नव्हतं. अनुपमाचं मस्तक भणभणलं. मेलेल्या बाईच्या नावानं हे लोक जिवंत पोर मारायला निघाले होते! पण एक गोष्ट तिला मघापासून खटकत होती. वैकुंठात ऐकू जाणारा प्रश्न बाबाला पुन्हा ओरडून का सांगावा लागतो? ती वाकली आणि काठाशीच ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटली.

"काय विचारलंत? मोठ्यानं बोला!" बाबा कावला.

"तुम्हाला कशाला सांगू? आईंना विचारलंय."

टाकं गप्प. लोक वाट पाहत राहिले.

"पितर रुसले! शंका घेतलीत!" बाबा कडाडला.

"रुसले तर समजूत काढू. आईंना ताक फार आवडायचं." शेजारीच मैना ताक विकायला बसली होती. तिच्याकडून भरली कळशी घेऊन अनुपमानं, बाबा 'अहो, अहो' करेपर्यंत, ती टाक्यात उपडी केली.

"आई गं! मेलो! डोळ्यात गेलं!"

आवाज चांगला दणकट, पुरुषी होता. करवंदीची जाळी हलली आणि तिच्यामागच्या, टाक्याच्या दुसऱ्या तोंडातून एक गडी बाहेर आला, डोक्यापासून पायापर्यंत ताकात न्हालेला, केसांत कोथिंबीर. लोक आधी थिजले, मग हसू फुटलं.

"श्रुतिका, टाक्यात तोंड घालून हाक मार बघू," अनुपमा म्हणाली.

"आबा!" पोरीची हाक आतून घुमून जाडजूड होऊन आली. रिकाम्या हंड्यात बोललं की घुमतं, तसंच; गड्यानं आवाज बारीक काढला की बाईचा वाटे. नावंगावं उज्वला जाळीमागे पोचवत होती, प्रश्न बाबा ओरडून सांगत होता. इतकाच काय तो चमत्कार.

"गडाचा कोप होईल!" बाबा शाल सावरत ओरडला.

"गडाचं नाव घेऊ नका! राजधानीला पाणी पुरावं म्हणून माणसांनी डोकं लढवून, घाम गाळून कातळ फोडला. आणि तुम्ही त्यात चोर बसवलात! चला खाली, पोलिसांसमोर करा काय तो कोप."

सयाजी खालीच बसले होते. ते म्हणाले, "ती 'ऐक गं' म्हनाली तवाच काळजात चर्र झालं. माझी बनू जल्मभर 'गो' म्हनायची. पन वाटलं, वर जाऊन बोली बदलली आसंल." त्यांचे डोळे भरून आले. "आयकायची लय हाव होती रे मला."

हीच हाव हेरून असल्या बाबांचा धंदा चालतो. गेलेल्या माणसाची ओढ असण्यात लाज कसली? पण आवाज आला की तो येतो कुठून, हे बघायला आपल्याला डोळे दिलेत आणि विचारायला तोंड. मेलेल्यांसाठी रडा, खुशाल रडा. जिवंतांचं औषध मात्र डॉक्टरांशिवाय कुणाच्या सांगण्यावरून थांबवू नका.

सयाजींनी गोळ्यांचं पाकीट धोतराच्या सोग्यानं पुसलं आणि सुनेच्या हातात दिलं. मग गंडा बांधून घेतलेल्या एकेकाकडे बघत म्हणाले, "तोडा रे ते. माझी बायको मेली हाय. नात जिती हाय."