खंडेनवमीला कापलेला पंप

बोईसरच्या एमआयडीसीत खंडेनवमीला यंत्रांची पूजा होते, तशी ती सगळीकडेच होते. केतनशेठच्या कारखान्यात मात्र त्या दिवशी एक जास्तीची रीत होती. वर्षभरात जो नवा माल निघाला असेल त्यातला एक नग घ्यायचा, मधोमध कापायचा आणि कापलेली बाजू लोकांकडे करून झेंडूच्या राशीत मांडायचा. ही रीत केतनशेठच्या वडिलांनी घातली. आपण आत काही खोटं भरत नाही हे देवाला आणि गिऱ्हाइकाला एकदमच दिसावं, एवढाच त्यांचा हेतू. देवाने कधी तक्रार केली नाही. पुण्याच्या कंपनीने केली.

तक्रार कमलाकांत बोंद्रेच्या पेटंटविरुद्ध होती. कमलाकांत हा कारखान्याचा डिझाइन विभाग होता. विभागात दुसरं कोणी नव्हतं. विजेवर चालणाऱ्या गाडीची बॅटरी तापते, तिला गार ठेवायला कूलंट फिरवावं लागतं, ते फिरवायला एक छोटा इलेक्ट्रिक पंप असतो, आणि कूलंट किती तापलंय हे कळायला त्या पंपात एक सेन्सर बसवावा लागतो. तो बसवायचा कसा, यावर भल्याभल्यांनी हात टेकले होते. कमलाकांतने तो बसवला. त्यासाठी केस पांढरे केले, पण बसवला. पेटंट मिळालं, प्रमाणपत्र केतनशेठच्या केबिनमध्ये वडिलांच्या फोटोशेजारी लागलं. हार फक्त वडिलांना होता.

घोटाळा झाला तो मुहूर्ताचा. सगळं तयार होतं तेव्हा पितृपक्ष लागला. पितृपक्षात कोणी पेटंटचा अर्ज करतं का? मग नवरात्र आलं, मग दिवाळीच्या ऑर्डरी आल्या. अर्ज गेला तो भाऊबीज उरकल्यावर. आणि मधल्या खंडेनवमीला पंप रितीप्रमाणे कापून, हळदकुंकू लावून मांडलेला होता. कायद्याचं म्हणणं असं, की अर्जाआधी शोध चारचौघांत उघडा पडला तर त्याला शोध म्हणत नाहीत.

पुण्याच्या कंपनीने पुरावा म्हणून फेसबुकवरचा फोटो जोडला होता. तो शेजारच्या प्लॉटवर पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या मेहुलने टाकला होता, 'दसऱ्याच्या हार्दिक शुभेच्छा' असं लिहून. फोटोत कमलाकांत कापलेला पंप हातात धरून काहीतरी सांगतोय, समोर त्याची बायको पुष्पलता हिरव्या रेशमी साडीत वाकून बघतेय, आणि मागे माणसं जिलबी खातायत. पंपावर नेमकी झेंडूची माळ आल्याने सेन्सर काही दिसत नव्हता. म्हणून मेहुलचं प्रतिज्ञापत्रही जोडलं होतं: श्री. बोंद्रे पत्नीला पंपाची आतली रचना बराच वेळ मोठ्याने समजावून देत होते.

मेहुल चहाच्या टपरीवर भेटला. हल्ली तो पुण्याच्या कंपनीलाही खोकी पुरवत होता.

"काका, राग नका मानू. विचारलं, ते खरं लिहून दिलं. तुम्ही काकूंना सांगत होतात ना?"

"होतो."

"मला तर काय कळलं नाय. मी मठ्ठा पीत होतो. ते पण लिवलंय मी."

त्या मठ्ठ्यावरच हिमानीने बचाव उभा केला. हिमानी ही केतनशेठची मुंबईची पेटंट वकील. तिचं म्हणणं सरळ होतं. जमलेल्यांपैकी कोणाला काही कळलंच नसेल, तर शोध उघड झाला असं म्हणता येणार नाही. बाकीचे जिलबीपाशी होते. ऐकत होती ती एकटी पुष्पलता. तिने 'मला काही समजलं नाही' असं शपथेवर सांगितलं, तर पेटंट वाचू शकतं. अर्थात, ते खरं असेल तर.

"खरंच आहे ते," केतनशेठ म्हणाला. "काकू शाळेत मराठी शिकवतात पालघरला. त्यांना पंपातलं काय कळणार? काका, पेटंट गेलं तर पुण्यावाले उद्या हाच पंप स्वतः काढतील. घ्या सही."

मसुदा घरी आला. कमलाकांतने तो स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभं राहून वाचला. चौथ्या परिच्छेदात लिहिलं होतं: 'माझ्या पतीने सांगितलेल्यापैकी मला काहीही समजले नाही. मी केवळ पत्नी या नात्याने मान हलवत होते.'

तो कागद त्याने उपडा ठेवला, आणि मग चहात साखर घालायला विसरला.

लोकांच्या आयुष्यात चांगले दिवस असतात. कमलाकांतच्या आयुष्यात तो एक चांगला अर्धा तास होता. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण पुष्पलताने 'हे काय आहे?' असं त्याच्या कामाबद्दल त्या एका दिवशी विचारलं होतं. तो सांगत गेला, ती विचारत गेली. पुढे कधी ऑर्डर रद्द झाली, साचा बिघडला, केतनशेठ ओरडला, की कमलाकांत मनातल्या मनात तो अर्धा तास बाहेर काढायचा, फुंकर मारून परत ठेवायचा. आता त्यात ती नुसती मान हलवत होती, असं इंग्रजीत टाइप होऊन आलं होतं.

हे खरं असेल तर पेटंट राहणार होतं. खोटं असेल तर जाणार होतं. आणि ते जावं असं आपल्याला वाटतंय, हे ध्यानात आल्यावर कमलाकांत दचकला. इतकी वर्षं कंपनीत निष्ठेने काढल्यावर हे बरं नव्हतं.

घरात विचारायचा धीर होईना, म्हणून रविवारी त्याने तिला केळव्याला नेलं.

"आज काय विशेष?" सफाळ्याच्या फाट्यावर तिने विचारलं.

"हवा बदल."

"बोईसरच्या हवेपेक्षा कुठलीही बरी," ती म्हणाली.

किनाऱ्यावर मुंबईची माणसं घोडागाडीत बसून स्वतःचे फोटो काढत होती. हे दोघं सुरूच्या झाडांखाली शहाळी विकणाऱ्या येसूबाईच्या ढिगाशेजारी बाकावर बसले. कमलाकांतने खिशातून घडी केलेला मसुदा काढला.

"हे वाचलंस?"

"वाचलं. तीन चुका आहेत इंग्रजीच्या. सही कुठे करायची?"

"मजकूर वाचलास का?"

"मजकूर वकिलीणबाईंचा. माझी फक्त सही."

"पण खरं आहे का ते?"

पुष्पलताने चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. वर्गात उत्तर येत असूनही हात वर न करणाऱ्या मुलाकडे ती असंच बघत असे.

"तुम्हाला काय पाहिजे?"

"पेटंट."

"मग खरं आहे."

कमलाकांत समुद्राकडे बघत राहिला. ओहोटी होती, म्हणजे समुद्रही फारसा मदतीला नव्हता.

"आणि मी नुसतंच विचारलं तर?"

तिने पर्स बाजूला ठेवली. मग तिने येसूबाईच्या ढिगातलं एक शहाळं उचलून मांडीवर घेतलं.

"हा तुमचा पंप. आत पाणी. ते गरम की गार ते कळायला पाहिजे. बरोबर?"

"बरोबर."

"भोक पाडून आत काही घातलं तर कळेल, पण कधी ना कधी गळेल. पाणी पलीकडच्या सर्किटवर गेलं की पंप संपला. भोक न पाडता नुसतं वरून टेकवलं, तर साल जाड, वर ऊन. उन्हाचाच ताप लागणार. तुमच्या जुन्या पंपात तेच चाललेलं. सेन्सर पाण्याचं सोडून शेजारच्या सर्किटचं तापमान सांगत होता."

कमलाकांतने हातातला मसुदा खिशात कोंबला.

"म्हणून तुम्ही कवचालाच एके ठिकाणी आत ढकललंत. रबरी हातमोज्याचं बोट पाण्यात बुडवावं तसं. बोट ओलं होत नाही, पण पाणी कळतं. त्या बोटात बाहेरून सेन्सर, आणि मागून स्प्रिंग."

"स्प्रिंग कशाला?" त्याचा आवाज चिरका निघाला.

"सेन्सर सैल राहिला तर मध्ये हवा राहते, आणि मग त्याला उशिरा कळतं. परीक्षा घेताय माझी? अजून सांगते. ते बोट पंख्याच्या समोर ठेवलं तर धार अडते. मी विचारलं, मग कोपऱ्यात का नाही? तुम्ही म्हणालात, कोपऱ्यातलं पाणी हलत नाही, ते शिळी बातमी देतं. म्हणून जिथे पाणी वळतं तिथे ठेवलंत. हा प्रश्न मी विचारला तेव्हा तुम्ही इतके खूश झालात, की तुमची जिलबी मेहुलच्या पोराने पळवली तेही तुम्हाला कळलं नाही."

"अवो बाय," येसूबाई कोयता घेऊन उभी होती, "भोक नाय पाडलं तं पिनार कशी? आना हिकडं. पानीवालं देऊ का मलईवालं?"

"मलईवालं," कमलाकांत म्हणाला. त्याला मलई आवडत नसे.

येसूबाईने दोन घावांत शहाळं उघडलं. कमलाकांतने ते हातात घेतलं आणि लोक नातू झाल्याचं सांगतात त्या आवाजात म्हणाला, "पेटंट गेलं."

"कशाने जातंय? मी करते की सही. घरात रोज म्हणते, 'मला नाही बाई तुमचं काही कळत.' एकदा शपथेवर म्हणेन."

"पण रोज तरी का म्हणतेस?"

पुष्पलता येसूबाईने दिलेल्या नळीशी खेळत बसली. "त्या दिवसानंतर तुम्ही परत कधी काही सांगितलंच नाहीत. मला वाटलं, मी उगाच फार विचारलं. लोकांसमोर."

"अगं, हिमानीने बजावलं होतं, पंपाबद्दल कोणाशी काही बोलू नका म्हणून."

"मी कोणी का?"

कमलाकांतने तिच्या हातातली नळी घेऊन शहाळ्यात खोचली. त्याने शहाळं तिच्यापुढे केलं. तिने एक घोट घेतला, त्याने एक घेतला. शेजारी मुंबईचं एक नवविवाहित जोडपं हाच प्रकार फोटोसाठी करत होतं. यांचा फोटो कोणी काढला नाही, हे कायद्याच्या दृष्टीने बरंच झालं.

सोमवारी दोघं केतनशेठच्या केबिनमध्ये गेली तेव्हा लॅपटॉपवर हिमानी दिसत होती. कमलाकांतने सांगून टाकलं, "ही काही सही करणार नाही. हिला सगळं समजलं होतं."

"काका, काहीतरी काय!" केतनशेठ ताडकन उठला. "काकू, तुम्हाला कळलं होतं?" असल्या विश्वासघाताची त्याला घरच्या माणसांकडून अपेक्षा नव्हती.

"थोडंफार," पुष्पलता म्हणाली.

"काकू, थोडंफार म्हणजे काय काय?" हिमानीने विचारलं.

पुष्पलताने सांगितलं. या वेळी शहाळं नव्हतं, म्हणून तिने केतनशेठचा पाण्याचा तांब्या वापरला. ती बोलत असताना कमलाकांत खुर्चीच्या कडेला बसून, पुरस्कार आपल्यालाच मिळतोय अशा चेहऱ्याने ऐकत होता. तिचं बोलणं संपलं तेव्हा हिमानीने पेन खाली ठेवलं.

"काकू, मला आमच्या अर्जात हे इतकं स्वच्छ लिहिता आलं नव्हतं. ते प्रतिज्ञापत्र मी दाखल करणार नाही. पेटंटमधला मुख्य दावा, सेन्सरच्या जागेचा, आपल्याला सोडावा लागेल."

"संपलं," केतनशेठ म्हणाला. तो वडिलांच्या फोटोकडे असा बघत होता, जणू करवत त्यांनीच आणून दिली होती.

"एक मिनिट. काका, खंडेनवमीनंतर अर्जात काही वाढवलं होतं का? त्या कापलेल्या पंपात नसलेलं?"

कमलाकांत आठवू लागला. "स्प्रिंग धरणाऱ्या क्लिपची खाच. स्प्रिंग हादऱ्यांनी सरकू नये म्हणून. ती अर्ज लिहिताना सुचली."

"कोणाला सांगितली होती?"

"नाही."

"काकूंना?"

कमलाकांतने बायकोकडे पाहिलं. "नाही," तो म्हणाला. इतकं ओशाळं 'नाही' त्या केबिनमध्ये पूर्वी कोणी म्हटलं नसेल.

"छान!" हिमानी म्हणाली. बायकोपासून काही लपवल्याबद्दल शाबासकी मिळण्याची ही कमलाकांतची पहिलीच वेळ.

पुढे पेटंट कार्यालयाचा निकाल आला. सेन्सरची जागा सर्वांची झाली. क्लिपची खाच तेवढी केतनशेठची राहिली. पुण्याच्या कंपनीने पंप काढला, आणि खाचेच्या परवानगीसाठी एक अत्यंत सभ्य पत्र पाठवलं. प्रमाणपत्र भिंतीवरून उतरलं नाही. पंप कापायची रीतही चालू राहिली, फक्त प्रसादाला येणाऱ्या प्रत्येकाची आता दारात गुप्ततेच्या करारावर सही घेतात. मेहुलने पहिली सही केली आणि विचारलं, जिलबीबद्दल बोललेलं चालेल का?

निकालानंतरच्या रविवारी दुपारी जेवणं झाली, तशी पुष्पलता हात पुसत येऊन जमिनीवर बसली.

"हं. ती खाच दाखवा."

कमलाकांतने पिशवीतून क्लिप काढली. तयारीतच होता तो. नखाएवढी पत्र्याची वस्तू, तिच्या एका कडेला बारीक खाच. स्प्रिंग कुठे बसते, हादरा कुठून येतो, खाच तो कसा पेलते, हे तो सांगू लागला. तिने क्लिप हातात घेऊन उजेडाकडे धरली, फिरवली, परत फिरवली.

"पण एकाच बाजूला का? पलीकडूनही असती तर स्प्रिंग लागलीच नसती ना? हीच वाकून दाबून धरेल."

कमलाकांतने घाईने हात पुढे केला. त्याने तिच्या हातातून क्लिप घेतली. बोटांनी दाबली. सोडली. मग तो उठला, गॅलरीकडचं दार लावून घेतलं, खिडकी ओढून घेतली आणि तिच्याजवळ, अगदी गुडघ्याला गुडघा लावून, येऊन बसला.

"काय झालं हो?"

"काही नाही," कमलाकांत कुजबुजला. "परत एकदा म्हण. पण हळू."