कोऱ्या बंदुकीचा खोका

मित्रांनो, मी एक जुना पुठ्ठ्याचा खोका आहे. अडीच हात लांब, वीतभर रुंद, अंगावर सोनेरी शाईत छापलेली एक वाफेची बोट. तुमच्याशी बोलायला येणाऱ्या जुन्या वस्तू सहसा आपल्या सेवेचा अभिमान सांगतात. मला ते जमणार नाही. माझी गोष्ट सांगताना मला लाज वाटते. तरीही सांगतो, कारण कुणाला तरी ती कळायलाच हवी.

माझा जन्म पुठ्ठ्याच्या गिरणीत झाला. त्याच लगद्यातून निघालेल्या माझ्या भावंडांचे बुटांचे खोके झाले. पुढे कुणात घरातले फोटो ठेवले गेले, कुणात मांजरीने पिल्लं घातली. मी मात्र बंदुकीच्या कारखान्यात गेलो. नदीवरच्या वाफेच्या बोटींची शताब्दी म्हणून कारखान्याने त्या वर्षी एक खास रायफल काढली होती. तिच्या पोलादी अंगावर बोट कोरलेली आणि लाकडी दस्त्यात पितळेचं पदक बसवलेलं. माझ्या झाकणावर मोठ्या अक्षरांत छापलं होतं, 'मर्यादित आवृत्ती'. माझी छाती फुगली. पण मागे पाहिलं तर माझ्यासारखेच खोके छपरापर्यंत रचलेले. मर्यादा एवढीच, की नाताळपर्यंत जितक्यांची मागणी येईल तितक्याच बंदुका करायच्या. मागणी भरमसाट आली. हे सगळं मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, तरी मी मिरवत राहिलो.

अमेरिकेतल्या मिसूरी राज्याच्या डोंगराळ भागातल्या एका गावात, हार्डवेअरच्या दुकानातून मला व्हर्जिल टॅकेटने विकत घेतलं. तो लाकूड कापायच्या गिरणीत कामाला होता. त्याच आठवड्यात त्याला मुलगी झाली होती. तिचं नाव रोंडा ठेवलं होतं.

"ओपल, बघ काय आणलंय!" मला स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवत तो बायकोला म्हणाला. "पोरीसाठी आहे हे. ती मोठी होईपर्यंत याची किंमत घराएवढी होते की नाही बघ. सोनं आहे, सोनं!"

"सोनं असतं तर गळ्यात घातलं असतं," ओपल लंगोट पिळत म्हणाली. "मी कपडे धुवायचं मशीन मागितलं होतं, व्हर्जिल. तुझी ही बंदूक लंगोट धुते का?"

"तुला नाही कळायचं त्यातलं."

"मला माझ्या हातांचं कळतं. बघ, कातडं सोललंय."

त्याने तिच्या हातांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि माझ्या कोपऱ्यावर बसलेला साबणाचा फेस आधी पुसला. मला तेव्हा फार बरं वाटलं होतं.

दुकानदाराने व्हर्जिलचे कान चांगलेच भरले होते. एक गोळी उडाली की किंमत निम्मी. काडतूस भरायची खालची कडी एकदा जरी ओढली तरी ओरखडा उठणार. बोटाचा ठसा उमटला तरी संपलंच. म्हणून व्हर्जिलने बंदूक माझ्यात जशी होती तशीच ठेवली आणि मला तळघरातल्या फळीवर आडवं केलं. रविवारी चर्चमधून पाहुणे आले की तो त्यांना खाली घेऊन येई. सुरुवातीला झाकण उघडून दाखवी. पुढे तेही बंद झालं. लोक नुसता मलाच पाहून माना डोलवीत, "वा! खोकासुद्धा काय कोरा ठेवलाय!" नाकापेक्षा मोती जड म्हणतात, तो मोती मी होतो.

रोंडा बारा वर्षांची झाली तेव्हा एकदा बापाच्या मागोमाग जिना उतरून आली. हरणांच्या शिकारीचा हंगाम तोंडावर होता. त्या दिवसांत आमच्याकडे शाळेला सुट्टी असते आणि मुलं पहिल्यांदा बापाबरोबर रानात जातात. घरात वापरातली रायफल एकच होती, आणि ती व्हर्जिलच्या खांद्यावर असे.

"बाबा, मला पण यायचंय."

"मग चल की. कॉफीचा थर्मास तू धर."

"थर्मास धरून हरीण पडतं होय? मला बंदूक हवी." तिने माझ्याकडे बोट केलं. "ही माझीच आहे ना?"

"तुझीच आहे. म्हणून तर हात लावायचा नाही."

"मग माझी कशी?"

"आत्ता नाही कळणार तुला. उद्या घर बांधशील ना, तेव्हा बापाची आठवण काढशील."

ती जिन्यावर बसून राहिली. हंगाम सुरू झाला त्या पहाटे व्हर्जिल एकटाच गेला. पुढच्या वर्षी तिने विचारलंच नाही. ती शाळेच्या बँडमध्ये तुतारी वाजवायला लागली. व्हर्जिल दर हंगामात एकटा जाई आणि घरी येऊन म्हणे, "पोरींना आवड नसते या गोष्टींची." ओपल भांडी जोरात आपटत असे.

आता माझी खरी लाज सांगतो. पुठ्ठा पाणी पितो, मित्रांनो. ती आमची जातच आहे. आमच्याकडे वसंतात डोंगरातून झरे फुटतात आणि तळघरांच्या भिंतींना घाम सुटतो. भिंतीचा तो ओलावा मी प्यायलो. पोट भरलं की उरलेला मी आत झिरपवला, जिथे ती बंदूक निजली होती तिथे. एका वसंतात नाही, प्रत्येक वसंतात. काही वर्षांनी मला आतून लोखंडाचा वास यायला लागला. मी ओळखलं. झाकण उघडा, तिला बाहेर काढा, तेलाचं फडकं फिरवा, असं ओरडावंसं वाटे. पण खोक्याला तोंड असून आवाज नसतो. वरून मी कोराच दिसत होतो, आणि सगळे वरूनच पाहत होते. कुंपणानेच शेत खाल्लं, आणि लोक कुंपणाला शाबासकी देत राहिले.

व्हर्जिल म्हातारा झाला. लाकडाच्या भुशाने त्याची छाती खरखरू लागली, गुडघे गेले. रोंडा शाळेची बस चालवू लागली. नवऱ्यापासून वेगळी झाल्यावर ती ओढ्याकाठच्या एका लहानशा घरात भाड्याने राहत होती. तिथल्या परसात तिने टोमॅटो लावले, भोपळे लावले. मग मालकाने ते घर विकायला काढलं. तिला ते घ्यायचं होतं, पण हाताशी काही नव्हतं. व्हर्जिलला कळलं तेव्हा त्याचे डोळे चमकले. इतकी वर्षं तो याच दिवसाची वाट पाहत होता.

"चल पोरी," तो म्हणाला. "तुझं घर तळघरात पडलंय. घेऊन येऊ."

जत्रेच्या मैदानावरच्या मोठ्या शेडमध्ये बंदुकांचा बाजार भरतो. नॅडीन नावाची एक जाडजूड बाई तिथे खरेदी-विक्रीचं टेबल लावून बसते. बोलता बोलता ती चिकन खात होती. मला पाहून तिने हात पुसले आणि सुस्कारा सोडला.

"आणखी एक नदीबोट! आज सकाळपासूनची तिसरी, काका."

"ही कोरी आहे," व्हर्जिल म्हणाला. "एक गोळी नाही उडवली. कडी नाही ओढली."

"कुणीच नाही ओढली, तीच तर बोंब आहे. कुणी वापरल्या असत्या, मोडल्या असत्या, तर तुमचीला भाव आला असता. सगळ्यांनी तुमच्यासारख्याच जपल्या. याच कारखान्याची साधी, जुनी, घासलेली रायफल आणा, आत्ता जास्त पैसे मोजते."

"पण यावर छापलंय, मर्यादित..."

"काका, माझ्या चिकनच्या पुडीवरपण छापलंय, खास तुमच्यासाठी."

मग तिने झाकण काढून रायफल उचलली. वरची बाजू लखलखीत होती. तिने ती उलटी केली. माझ्या अंगाला टेकलेल्या बाजूवर गंजाची तपकिरी खरूज पसरली होती. नळीला खड्डे पडले होते, कोरलेली बोट अर्धी खाल्ली गेली होती.

"कधी उघडून पाहिली नाहीत?" नॅडीनने हळू विचारलं.

"उघडली असती तर..." व्हर्जिलने माझं झाकण उचलून पुन्हा खाली ठेवलं. त्याचे कान लाल झाले होते. तो रोंडाकडे बघेना. "तुझ्यासाठी ठेवली होती गं," तो टेबलाकडे पाहत म्हणाला. "आईला मशीन दिलं नाही, तुला रानात नेलं नाही, आणि देताना हे देतोय. मला लाज वाटते, पोरी."

ते वाक्य खरं तर माझं होतं. त्या म्हाताऱ्याने माझ्या वाटची लाज उचलली, आणि मी टेबलावर नुसता आ वासून पडलो होतो.

तेवढ्यात मागून एक टापटीप गृहस्थ पुढे आले. त्यांचं नाव हॅस्केल. "माफ करा, पण खोका विकणार का? माझ्याकडे हीच बंदूक आहे, अगदी कोरी. माझ्या बायकोने खोका कचऱ्यात टाकला. खोक्यासकट जरा बरा भाव येतो."

रोंडाला हसू फुटलं. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. "घेऊन जा!" ती म्हणाली. "बाबा, द्या त्यांना. घराचं मी बघेन, जादा फेऱ्या घेईन. बंदूक माझी ना?"

"तुझीच."

"हात लावू?"

व्हर्जिलने होकाराची मान डोलवली. तिने रायफल दोन्ही हातांनी उचलली. खालची कडी ओढली. ती कुरकुरली, अडली, आणि मग खट्कन खाली आली. "घासून नाही निघणार का हे, बाबा?"

"खड्डे राहतील. मारेल की नाही ते बंदुका दुरुस्त करणाऱ्याला दाखवावं लागेल."

"दाखवू मग. नोव्हेंबरात जाऊ दोघं."

"माझे गुडघे कुठे चालतात आता!"

"मग तुम्ही थर्मास धरा," रोंडा म्हणाली.

माझ्या पैशांतून त्यांनी काडतुसांचं एक पाकीट घेतलं, आणि तो म्हातारा तिच्या खांद्याला धरून गर्दीतून बाहेर गेला. मी त्यांना पुन्हा पाहिलं नाही.

आता मी हॅस्केलसाहेबांकडे असतो. त्यांनी माझ्यात आपली नवीकोरी रायफल ठेवली आहे. तिच्यावर अजून एकही डाग नाही. ती त्यांच्या नातीसाठी आहे. नात अधूनमधून येते, मला पाहते आणि विचारते, "आजोबा, एकदा बघू?" ते म्हणतात, "तू मोठी झालीस की."

मित्रांनो, मलाही त्यांनी तळघरातच ठेवलंय. या आठवड्यात भिंतीला घाम सुटला आहे. तुमच्यापैकी कुणाची हॅस्केलसाहेबांशी गाठ पडली, तर त्यांना एवढं सांगा, की बंदूक बाहेर काढा, नातीच्या हातात द्या, आणि मला फाडून शेकोटीत घाला. लवकर सांगा. मी पाणी प्यायला सुरुवात केली आहे, आणि मला स्वतःहून थांबता येत नाही.