राखीव गडी

कनातीची फट दोन बोटांनी रुंद करून देविदास सरांनी पुन्हा पाहिलं. त्यांचा सगळ्यात भरवशाचा चढाईपटू भारत समोरच्या संघाच्या क्रीडा संचालकांशी, अमृतरावांशी, बोलत होता. काल उपांत्य सामन्यानंतरही दोघं चहाच्या टपरीमागे उभे होते. आज अमृतरावांनी चिठ्ठीवर काहीतरी लिहून दिलं. भारतनं इकडंतिकडं पाहत ती मुठीत दाबली.

आंतरमहाविद्यालयीन कबड्डीचा अंतिम सामना अर्ध्या तासावर होता. सरांचं हट्टा गावचं कॉलेज पहिल्यांदाच सेनगावच्या या मैदानापर्यंत पोचलं होतं.

"कुठं गेलता रे?"

"पाणी प्यायला, सर."

पाण्याची टाकी मैदानाच्या उलट्या बाजूला होती.

पहिल्या तीन चढायांत भारत रिकाम्या हातानं परतला. चौथ्यांदा कोपऱ्यातल्या गड्यानं त्याचा घोटा धरला, आणि तो जागच्या जागी बसला. एरवी असल्या पकडीतून हे पोरगं तिघांना ओढत मध्यरेषेवर आणायचं. सरांनी अमृतरावांकडं पाहिलं. ते हसत होते.

मध्यंतराला संघ चार गुणांनी मागे होता.

"मल्हारी, तू उतर. भारत, बस."

"काहून सर? आता कुठं अंग मोकळं होऊन राहिलं."

"ज्यांच्याशी गुलूगुलू चालतं, त्यांच्याकडून खेळ जा."

भारतच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तो सतरंजीच्या कडेला जाऊन बसला.

मल्हारी जिवावर उदार होऊन खेळला. भारत बसल्या जागेवरून ओरडत राहिला, "डावा कोपरा मोकळा हाय, मल्हारी!" घसा बसला तरी थांबला नाही. शेवटची शिट्टी झाली तेव्हा दोन गुण कमी पडले होते.

बक्षिसं वाटून झाल्यावर अमृतराव आपणहून आले.

"सर, आमच्या कॉलेजात खेळाच्या मास्तरची जागा निघून राहिली, कायमची. अर्जाची तारीख तुमच्या पोराकडं लिहून दिलीय. दोन दिवस पिच्छा सोडला न्हाई त्यानं. म्हणे, आमचे सर सहा वर्षं तासिका तत्त्वावरच हायेत, तुमी त्यांचा संघ बघा आन् मग बोला."

"मला... कुणी सांगितलं न्हाई."

"त्यानंच नको म्हटलं. सामन्याआधी सरांच्या डोक्यात दुसरं काही नको म्हणे." अमृतराव थोडे जवळ सरकले. "पण एक सांगा, दुसऱ्या डावात त्याला बसवलं काहून? सामना तुमचाच होता."

सरांनी गळ्यातली शिट्टी काढली, पुन्हा घातली.

"पाय दुखावलाय त्याचा."

बोलता बोलता त्यांची मान वळली. सगळ्यांच्या बॅगा दोन्ही खांद्यांवर घेऊन भारत मागेच उभा होता. क्षणभर त्यानं सरांकडं पाहिलं. मग तो अमृतरावांना म्हणाला,

"व्हय. लई दुखून राहिला."

जीप मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला उभी होती. भारत तिथवर उजवा पाय ओढत गेला.