हाडाचा मान

जखमेवरचा रुमाल उचलताच सबीराने तोंड फिरवलं. रक्ताची तिला सवय होती. डोंगरातल्या या दवाखान्यात परिचारिका म्हणून तिचे केस पिकले होते. पण जानिशच्या बरगडीखालच्या भोकात कुणीतरी लोकरीचा नमदा जाळून त्याची राख कोंबली होती, आणि पोराच्या तोंडाला आंबट वास येत होता. म्हणजे वर कुमिस, घोडीचं आंबवलेलं दूधही पाजलं होतं.

जानिश तिचा भाचा. त्याला घेऊन आलेला मामात तिचा थोरला भाऊ, पोराचा बाप. सुरा कुठे आहे, तिने त्याला विचारलं.

"काढला. पाहुण्यांदेखत तसाच आत राहू द्यायचा होता का?"

"काढायचा नसतो, दादा. सुरा आत असतो तोवर रक्ताची वाट बुजलेली असते."

"मांस कापायचं राहिलं होतं. धुऊन घेतला."

सगळा तंटा हाडावरून. मेजवानीत मेंढीचं कुठलं हाड कुणापुढे ठेवायचं ते वयावर ठरतं. वाढणाऱ्याने थोरल्याच्या मानाचं कमरेचं हाड चुकून जानिशपुढे ठेवलं, त्याने ते हसत हसत उचललं, आणि थोरला चुलतभाऊ ओरोझबाय उठला. सुरा हातात होताच. एवढ्याशा मानापायी पोर भोसकलं आणि त्याच सुऱ्याने उरलेलं मांस कापून खाल्लं. आपल्याच गोताची तिला शिसारी आली.

जखम दोन बोटांएवढी. दोन टाके घाला, पाहुणे खोळंबलेत, असं मामातचं चाललं होतं. पण जानिशचे ओठ पांढरे पडले होते, नाडी धावत होती, पोट फळीसारखं कडक लागत होतं. बिश्केकहून आलेल्या डॉक्टर अझीमने तपासून स्पष्ट सांगितलं, प्लीहा फाटली आहे, रक्त आतल्या आत साचतंय. आत्ता पोट उघडलं नाही तर पोरगा हातचा जाईल. आणि सुऱ्याची जखम, तेव्हा पोलिसांना कळवावं लागेल.

पोलीस म्हणताच मामातने पोराच्या काखेत हात घातला. घरचं भांडण घरात मिटवू, म्हणाला. बाहेर त्याच्या माणसांनी जीप वळवूनही ठेवली होती. अडवायला अझीम आणि ती, दोघंच.

"दादा, मरेल तो."

"मग सुऱ्यावर घसरून पडला, असं सांगशील? तुझ्यावर लोकांचा विश्वास आहे."

जानिशची नाडी तिच्या बोटाखाली हरवत होती.

"सांगेन," ती म्हणाली. "आता हात काढा त्याच्यावरचा."

शस्त्रक्रियेआधी नळी घालून पोटातला कुमिस उपसला, नाहीतर भुलीच्या गुंगीत ओकून तो छातीत गेला असता. तो आंबूस लोंढा तिने बादलीत धरला. राख धुतली, लोकरीचे जळके केस चिमट्याने वेचले, आणि मनातल्या मनात सगळ्या घराण्याला शिव्या घातल्या. अझीमला प्लीहा काढून टाकावी लागली. पोरगा वाचला.

काही दिवसांनी पट्टी बदलताना जानिश हळूच म्हणाला, "आत्या, मी पोलिसांना ओरोझबायचं नाव सांगणार. बाबा ओरडतील. पण तुम्ही आहात ना."

सबीराने नव्या पट्टीची गाठ घट्ट केली.

दुपारी पोलीस आला. पाठोपाठ मामात येऊन दारात उभा राहिला. पोलिसाने आधी तिलाच विचारलं, कारण तिच्या शब्दावर तालुक्यात कुणी शंका घेत नसे. घसरून पडला, ती म्हणाली. आपल्याच तोंडाची तिला किळस आली.

पोलीस खाटेकडे वळला. "तुझी आत्या म्हणते तू घसरलास. खरं का?"

जानिशने आधी तिच्याकडे पाहिलं.

"आत्या म्हणतात तसंच."

मामात पोलिसाला चहाला घेऊन गेला. पोराचं पांघरूण खाली सरकलं होतं. ते सारखं करायला सबीरा वाकली, तेव्हा जानिशने तिचा हात बाजूला केला आणि टाके सांभाळत, दात आवळत, पांघरूण स्वतःच गळ्यापर्यंत ओढून घेतलं.