हौसा स्पीकिंग

मित्रांनो, मी एक जुना टेलिफोन आहे, भिंतीवर टांगायचा, हँडल फिरवून वाजवायचा. माझी पेटी सागवानाची आणि घंटा पितळेच्या. कारागिराने शेवटचा स्क्रू आवळून हँडल फिरवले आणि मी पहिल्यांदा खणखणलो, तो आनंद अजून माझ्या तारांत आहे.

साल एकोणीसशे अडतीस असावे. आगगाडीने मी आटगावला उतरलो आणि बैलगाडीतून तानसा तलावाच्या बाजूला एका चौकीत आलो. मुंबईला पाणी नेणाऱ्या नळावरची ती चौकी. चौकीदार कमळू, त्याची बायको हौसा आणि आई धोंडीबाई मागच्या खोलीत राहत. मला बघायला पार शेणवे गावापासून माणसे आली. बायांनी हळदकुंकू लावले. याच्या पोटात साहेब बसलाय, असे कुणीतरी म्हणाले आणि पोरे दाराबाहेर पळाली. काय मिरवलो मी त्या दिवशी!

कमळू नळावर फेरीला गेला की मी हौसाच्या हवाली. मी खणखणलो की ती हातातले काम टाकून धावत येई, भोंगा कानाला लावी. आतून 'हॅलो' येई. हौसा गप्प. पुन्हा 'हॅलो'. तरी गप्पच. पलीकडचा माणूस चिडून फोन ठेवी.

हा सगळा धोंडीबाईचा दंडक. न दिसणाऱ्याने हाक मारली तर पहिल्या दोन हाकांना ओ द्यायची नाही. भुताला तिसरी हाक मारता येत नाही, असे त्या रानातली सगळीच माणसे मानत.

"आत्याबाई, पन ह्यो साहेब हाय," हौसा म्हणाली.

"दिसला का तुला? नाय ना? मंग गप ऱ्हा."

शेवटी ओव्हरसियर साहेब स्वतः येऊन बजावून गेले. "शनिवारी मी फोन करीन. उत्तर आले नाही तर दुसरा चौकीदार येईल आणि खोली रिकामी करावी लागेल." गावचे घर कधीच पडले होते. जायचे कुठे?

कमळूने ऑफिसात ऐकून ऐकून बोलण्याचालण्याचे इंग्रजी शब्द गोळा केले होते. ते त्याने बायकोला शिकवले. मेसेज म्हणजे निरोप, रिप्लाय म्हणजे उत्तर, अर्जंट म्हणजे तातडीचे, इंटरप्ट म्हणजे मध्येच तोंड घालणे, रिपीट प्लीज म्हणजे पुन्हा सांगा. हौसा भात कांडता कांडता मुसळाच्या घावागणिक एकेक शब्द म्हणे. मला तर राहवेना, कधी एकदा वाजतो असे झाले! एकदा सासू मध्येच बोलायला लागली तशी हौसा म्हणाली, "इंटरप्ट नको, आत्याबाई." धोंडीबाईने अर्थ विचारून घेतला. मग कोंबडा आरवला तरी ती म्हणे, इंटरप्ट करतोय मेला.

पण शब्द आले तरी दंडक होताच. शनिवार उजाडला. कमळू फेरीला गेला, जाताना दोनदा मागे वळून बघून गेला. आणि मी खणखणलो.

हौसाने भोंगा उचलला. धोंडीबाई तिच्याजवळ येऊन उभी राहिली.

"हॅलो!"

हौसाने ओ दिली नाही. ती म्हणाली, "रिपीट, प्लीज."

पलीकडून पुन्हा "हॅलो!"

"रिपीट, प्लीज."

मला वाटले, आता साहेब फोन ठेवणार!

"हॅलो! हू इज स्पीकिंग?"

हौसाने सासूकडे बघून तीन बोटे वर केली. धोंडीबाईने मान हलवली. "मानूसच हाय. बोल आता."

"येस, साहेब. हौसा स्पीकिंग. मेसेज सांगा."

निरोप अर्जंट होता. नळाची झडप दुपारी अर्धी बंद करायची होती. हौसाने तो शब्दन् शब्द साहेबांना परत म्हणून दाखवला आणि कमळूला गाठायला धावत सुटली. मागाहून साहेब कमळूला म्हणाले, "तुझी बायको खात्री केल्याशिवाय रिप्लाय देत नाही. फोनवर तिलाच बसव." खात्री कशाची केली, ते त्यांना कुणी सांगितले नाही.

पुढे कितीतरी वर्षे त्या घरात मी खणखणत राहिलो. मग नवे टेलिफोन आले आणि मी गोदामात पडलो. माझ्या तोंडात मुंग्यांनी घर केले. अजून कधीमधी मुले येतात, हँडल गरागरा फिरवतात, 'हॅलो' ओरडतात आणि पळून जातात.

मित्रांनो, माझे हँडल जरा जपून फिरवा. आणि कुणालाही हाक माराल तेव्हा लगेच पाठ फिरवू नका. समोरून उत्तर आले नाही म्हणजे तिथे कुणी नाही, असे नसते. एखादी हौसा भोंगा घट्ट धरून तुमच्या तिसऱ्या हाकेची वाट बघत असेल.