फसवणूक आढळली
कवळ्या बनवणाऱ्या ताईचा राग तिच्या नवऱ्याला लग्नाआधीपासून ठाऊक होता, पण त्या रविवारी दुपारी तोही दारातच थबकला. ती खुर्ची मागे लोटून उभी होती, हेडफोन गळ्यात लोंबत होते, आणि पडद्यावर एक चक्र निवांत फिरत होतं. ‘अपडेट सुरू आहे. संगणक बंद करू नका.’

"फायनल चालू होती!" ती ओरडली. "शेवटची फेरी! मला विचारलं तरी का कुणी?"

पाच जणांचा संघ, सहा वर्षं संगणकावर एकच ऑनलाइन खेळ एकत्र खेळणारा, आणि ही त्यांची कप्तान. चाळीस मिनिटांनी पडदा परत आला तेव्हा संघ हरून मोकळा झाला होता. वर आणखी एक सूचना: तुमचा संगणक जुना झाला आहे, पुढच्या आवृत्तीसाठी नवा घ्या.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एकेक भाग निवडून तिने स्वतः जोडलेला संगणक होता तो.

"जाऊ दे ना," नवरा म्हणाला.

"जाऊ दे, जाऊ दे करूनच हे कंपनीवाले डोक्यावर बसलेत."

त्याच आठवड्यात तिने संगणक चालवणारी जुनी प्रणाली काढून लिनक्स टाकलं. जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेलं, कुणा एकाच्या मालकीचं नसलेलं. दोन संध्याकाळी आवाजच येईना, तेव्हा तिने त्यालाही शिव्या घातल्या. तिसऱ्या दिवशी आवाज आला, खेळ सुरू झाला, आणि पूर्वीपेक्षा सरसर चालू लागला. ती हसली. तीन दिवसांत पहिल्यांदा.

ते हसू जेमतेम दोन सामने टिकलं. तिसऱ्याच्या मध्यात खेळाने तिला बाहेर फेकलं. ‘फसवणूक आढळली. खातं कायमचं बंद.’ लबाडी करणाऱ्या खेळाडूंना पकडणाऱ्या पहारेकरी प्रोग्रामला ही नवी प्रणाली ओळखता आली नव्हती. ओळखता आली नाही, म्हणून ताई चोर.

दिवसभर लोकांचे दात केसभर इकडचे तिकडे होऊ न देणारी बाई ती. लबाड हा शब्द तिला आजवर कुणी लावला नव्हता. तिने खेळाच्या कंपनीला पत्र लिहिलं. ठोकळेबाज उत्तर आलं. दुसरं लिहिलं. तेच उत्तर, शब्दाचाही फरक नाही.

संघातल्या मास्तरांचा फोन आला. ते शाळेत भूगोल शिकवत. "ताई, जुनी प्रणाली परत टाका. नवं खातं उघडा. विषय संपला."

"मास्तर, तुमच्यावर कुणी कॉपीचा आळ घेतला, तर तुम्ही शाळा बदलाल?"

"खेळ आहे हो तो, ताई."

"सहा वर्षं तुम्ही तरी त्याला नुसता खेळ म्हणालात का?" आणि तिने फोन आपटला.

तिने सातवं पत्र लिहिलं. तारखा, सामने, वापरलेल्या प्रत्येक प्रोग्रामचं नाव. या वेळी खऱ्या माणसाचं उत्तर आलं: तपासणीत फसवणूक आढळली नाही, खातं खुलं केलं आहे, यापुढे कृपया मान्यताप्राप्त प्रणालीवरच खेळावं. माफीचा एक शब्द नाही.

नवऱ्याने वाकून वाचलं. "चला, जिंकलीस की."

"काय जिंकले? चोर नाही एवढं सांगायला यांना सात पत्रं लागली, आणि वर अट मलाच!"

तिने खातं उघडलं, संघाला कप्तानपद सोडल्याचा निरोप लिहिला, आणि खातं स्वतःच्या हाताने पुसून टाकलं. मग असला पहारेकरी नसलेला दुसरा एक खेळ उतरवून घेतला आणि त्यात अगदी तळापासून सुरुवात केली. पहिल्याच दिवशी तिला कॉलेजातल्या पोरांनी अकरा वेळा मारलं. बाराव्यांदा ती दातओठ खात परत उभी राहिली.

महिन्याभराने मास्तरांचा पुन्हा फोन आला. आवाज पडलेला. "ताई, माझाही संगणक जुना ठरवलाय त्यांनी. ते लिनक्स कसं टाकायचं?"

तिचा राग अजून गेला नव्हता.

"आधी सगळ्या फाइली दुसरीकडे उतरवून घ्या," ती म्हणाली. "आणि आता तरी त्याला नुसता खेळ म्हणू नका."